ब्लाइंडबॉयचा पॉडकास्ट आणि त्याचे स्वातंत्र्य

शॅनन नदीकाठच्या लिमरिक शहरातला ब्लाइंडबॉय बोटक्लब हा आयरिश कलावंत चेहऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवूनच लोकांसमोर येतो. 'रबरबँडिट्स' या विनोदी जोडगोळीतला एक म्हणून तो आधी गाजला. २०१० च्या नाताळात त्यांचे 'हॉर्स आउटसाइड' हे गाणे आयर्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये, पहिल्या कथासंग्रहाच्या निमित्ताने, त्याने पॉडकास्ट सुरू केला आणि माझ्या मते त्याच्या प्रतिभेला खरा वाव तिथेच मिळाला.

विनोदी कलाकाराचा पॉडकास्ट म्हटला की मित्रांच्या गप्पा आणि हशा अपेक्षित असतो. इथे मात्र पुष्कळ भागांत तो एकटाच, खास लिमरिकच्या बोलीत, निवांतपणे बोलत राहतो. ज्याला तो 'हॉट टेक' म्हणतो, त्यात एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या भासणाऱ्या गोष्टी तो हळूहळू एका धाग्यात ओवतो. ज्ञानाच्या सामन माशाची आयरिश पुराणकथा घ्या: विहिरीत पडलेली हेझलची फळे खाऊन तो मासा ज्ञानी झाला आणि त्याची चव फिऑन या पुराणकथेतल्या वीराला मिळाली. अशा कथांमध्ये नद्या, झाडे आणि प्राणी जपण्याची शिकवण दडलेली आहे, हे त्याचे म्हणणे ऐकताना पुराणकथा आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय वाटेनासे होतात. स्वतःला तरुणपणी झालेल्या चिंताविकाराबद्दल आणि त्यावरच्या मानसोपचारांबद्दलही तो इतक्या मोकळेपणाने बोलतो की विनोदाच्या ओढीने आलेला श्रोता नकळत स्वतःच्या मनाकडे पाहू लागतो.

त्याचा 'ऑकरिना पॉझ' मला फार आवडतो. जाहिरात अचानक कानावर आदळून श्रोता दचकू नये, म्हणून तो बोलणे थांबवतो, ऑकरिना हे मातीचे छोटे सुषिर वाद्य काही क्षण फुंकतो आणि त्या जागी जाहिरात येते. ऐकणाऱ्याची इतकी काळजी मोठ्या प्रसारण संस्थाही क्वचितच घेतात.

पॉडकास्टचा मुख्य आधार मात्र पॅट्रिऑन या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरील श्रोत्यांची वर्गणी हा आहे. महिन्यातून एकदा एका कॉफीची किंवा बिअरच्या एका पाइंटची किंमत द्या, एवढेच तो मागतो. ज्याला परवडत नाही त्याने खुशाल फुकट ऐकावे, कारण देणारा त्याच्याही वाट्याचे देत असतो, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. कोणत्या विषयावर बोलावे हे जाहिरातदाराने ठरवू नये, यासाठीच ही व्यवस्था आहे, आणि तासभर एकाच पुराणकथेवर बोलण्याची मुभा त्याला तिच्यामुळेच मिळते.

रंगमंचावर पाहुण्यांसोबत झालेले भागही आहेत; त्यांतले काही उत्तम आहेत, पण पाहुण्यागणिक त्यांची रंगत बदलते. नव्या श्रोत्याने सुरुवातीच्या भागांपासून ऐकत यावे, कारण तिथे तो एकटा आहे आणि आपली बोलण्याची रीत आपल्यासमोरच घडवतो आहे.