कंदिलाचा भोपळा आणि घारग्यांचा भोपळा: २०२४ च्या हंगामाची नोंद

शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात आमच्या घरामागे जेमतेम वीस फूट लांबीचा वाफा आहे आणि त्यात मी तीन वर्षे हॅलोविनसाठी भोपळे लावतो आहे. या वर्षी एकच गोष्ट तपासायची होती: जो भोपळा ३१ ऑक्टोबरच्या रात्री दारात कंदील होऊन उभा राहतो, तोच आधी स्वयंपाकघरात आणि नंतर कंपोस्टच्या ढिगात पूर्णपणे वापरता येतो का? बाजारात कोरण्यासाठी येणारा नारिंगी भोपळा बहुधा हाउडन किंवा त्याच्या जवळच्या वाणाचा असतो. त्याचा देठ भक्कम आणि आकार देखणा असतो, पण गर पाणचट व धागेदार निघतो, म्हणून तो कोणी खात नाही. दोन आठवडे शोभेला ठेवलेला हा भोपळा नोव्हेंबरमध्ये कचऱ्याच्या गाडीत जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार शहरी कचराभूमीतून हवेत निसटणाऱ्या मिथेनपैकी (हा तापमानवाढ करणारा वायू) सुमारे ५८ टक्के मिथेन अन्नाच्या कचऱ्यामुळे तयार होतो. हे वाचल्यापासून दारातला भोपळा मला निव्वळ शोभेची वस्तू वाटेनासा झाला.

मे ते सप्टेंबर

या वेळी दोन वाण निवडले. पहिला ‘स्मॉल शुगर’, म्हणजे दीड-दोन किलोचा, गोल, नारिंगी आणि गोड गराचा. दुसरा ‘डिकिन्सन’, जो आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्याच प्रजातीचा आहे. आमच्याच इलिनॉय राज्यातले मॉर्टन हे गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवते आणि तिथल्या कारखान्यात डबाबंद होणारा भोपळा डिकिन्सन प्रकारचाच असतो. त्याची साल नारिंगी नसून फिकट, बदामी रंगाची असते, त्यामुळे हॅलोविनला तो शोभेल का, अशी शंका घरातल्या सर्वांनाच होती.

२५ मे रोजी प्रत्येकी तीन आळी करून बी टोकले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्मॉल शुगरचे दोन वेल भर दुपारी माना टाकू लागले. बुंध्याशी ओल्या लाकडी भुशासारखी विष्ठा दिसली, तेव्हा खोडकिडा लागल्याची खात्री पटली. धारदार पात्याने खोड उभे चिरून पांढरी अळी काढली, जखमेवर आणि पुढच्या दोन पेरांवर माती चढवली. पेरांना नवी मुळे फुटल्यामुळे एक वेल वाचला, दुसरा गेला. डिकिन्सनचे खोड भरीव असल्याने त्याला या किडीचा फारसा उपद्रव होत नाही, आणि शेजारीच असूनही त्याचे तिन्ही वेल निरोगी राहिले. ज्यांच्याकडे ही कीड दरवर्षी येते, त्यांनी औषधे फवारण्याआधी वाण बदलून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्टअखेरीस पानांवर भुरी (पांढरी बुरशी) आली, परंतु तोवर फळे भरली होती.

एकूण उतारा डिकिन्सनची तीन फळे (सर्वांत मोठे ८.४ किलो) आणि स्मॉल शुगरची पाच फळे इतका मिळाला. देठ चार बोटे ठेवून ती तोडली आणि साल पक्की व्हावी म्हणून दहा दिवस उन्हात ठेवली.

२९ ऑक्टोबर: कोरणे

कोरलेला आणि रात्रभर बाहेर राहिलेला भोपळा खाण्यास योग्य नसतो, म्हणून खाण्याचा भाग कोरण्यापूर्वीच काढायला हवा. नेहमीप्रमाणे वरून झाकण न कापता मी मोठ्या डिकिन्सनच्या तळाला वीतभर रुंदीचे भोक पाडले, बिया बाजूला काढल्या आणि जाड चमच्याने आतून गर खरवडत भिंत सुमारे दोन सेंटिमीटरवर आणली. एका फळातून २.९ किलो स्वच्छ गर निघाला. भिंत पातळ झाल्याचा दुसरा लाभ रात्री कळला: केवळ साल सोलून काढलेल्या जागेतूनही प्रकाश झिरपतो, त्यामुळे सगळे आरपार कापावे लागत नाही. डोळे आरपार कापले, कपाळावरच्या आठ्या आणि गालांच्या खोबणी फक्त सोलल्या. बदामी सालीमुळे तो चेहरा कवटीसारखा दिसू लागला आणि रंगाबद्दलची शंका तिथेच मिटली. आयर्लंडमध्ये पूर्वी असे कंदील सलगमाचे कोरत. तिथल्या काउंटी मेयोमधील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात अशा एका जुन्या सलगमाची प्रतिकृती आहे. तिचा सुरकुतलेला, फिकट चेहरा मी चित्रात पाहिला होता आणि आमचा डिकिन्सन त्याच्याच कुळातला वाटत होता.

आत बॅटरीचा दिवा किंवा पॅराफिनची मेणबत्ती न ठेवता फरशीच्या तुकड्यावर मातीची पणती ठेवली आणि भोपळा तिच्यावर टोपीसारखा उतरवला. पहिल्या प्रयत्नात ज्योत काही मिनिटांतच मंदावून विझली. देठाजवळ अंगठ्याएवढे धुरांडे पाडल्यावर मात्र तिळाच्या तेलावर ती तीन तास स्थिर जळली. भोपळा पायऱ्यांपासून दूर, मुलांच्या लांब कपड्यांचा स्पर्श होणार नाही अशा जागी ठेवला होता, कारण उघड्या ज्योतीच्या बाबतीत ही काळजी अनिवार्य आहे.

३१ ऑक्टोबर

यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. पहाटे अभ्यंगस्नानानंतर पायाखाली फोडायला इथे कारीट मिळत नाही. थंडीचा पहिला कडाका पडण्यापूर्वी वेलावरून काढून ठेवलेले, लिंबाएवढेच राहिलेले स्मॉल शुगरचे फळ तुळशीच्या कुंडीजवळ ठेवून मुलीने डाव्या अंगठ्याने फोडले. कारीटही भोपळ्याच्याच कुळातले असल्यामुळे हा बदल मला मनापासून योग्य वाटला. संध्याकाळी तीच मुलगी आजोबांच्या जुन्या सुती धोतरात आणि राखेने माखलेल्या चेहऱ्याने वेताळ होऊन फिरली. पोशाखासाठी काहीही विकत आणावे लागले नाही.

सजावटीत या वर्षी कृत्रिम धाग्यांचे कोळ्याचे जाळे पूर्णपणे बंद केले. झुडपांवर ताणलेल्या त्या बारीक धाग्यांत लहान पक्षी आणि मधमाश्या अडकतात. त्याऐवजी सुतळीची ठसठशीत जाळी व्हरांड्याच्या छताखाली बांधली, ती पुढच्या वर्षीही वापरता येईल. खाऊ म्हणून कागदी डब्यांतले मनुके दिले.

काढलेल्या गराचे घारगे झाले. हा गर कमी धाग्यांचा आणि मुळातच गोड असल्याने दोन वाट्या किसाला एक वाटीऐवजी पाऊण वाटी गूळ पुरला. बिया तिखट-मीठ लावून भाजल्या.

नोव्हेंबर: ढीग

या छंदातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे. २०२२ मध्ये मी नऊ भोपळे अख्खेच ढिगात टाकले होते आणि पालापाचोळा अगदी थोडा घातला होता. हिवाळ्यात ते गोठले आणि वसंतात त्यांचा दुर्गंधी चिखल झाला. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते शोषायला आणि आत हवा खेळती ठेवायला सुका कर्बयुक्त माल भरपूर लागतो.

यंदा आमच्या कंदिलांबरोबर शेजाऱ्यांकडून अकरा भोपळे गोळा केले. मेण, स्टिकर आणि तारा काढून टाकल्यावर त्यांचे वजन ५८ किलो भरले. चमकी लावलेले दोन भोपळे मी नम्रपणे नाकारले, कारण ती चमकी प्लॅस्टिकची असते आणि खतातून वेगळी करता येत नाही. सगळे भोपळे फावड्याने तळहाताएवढे तोडले आणि गवत कापण्याच्या यंत्राखाली बारीक केलेली मेपल व ओकची पाने आकारमानाने तिप्पट घेऊन एकाआड एक थर दिले. इलिनॉयमध्ये १९९० पासून बागेचा कचरा कचराभूमीत टाकण्यास बंदी असल्यामुळे पाने कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलेली असतात. शेजाऱ्यांना विचारून अशा बारा पिशव्या आणल्या.

ढिगाच्या मध्यभागीचे तापमान ३ नोव्हेंबरला १२ अंश सेल्सिअस होते. ६ तारखेला ४९, ८ तारखेला ५८ आणि १० तारखेला ६१ अंश झाले. त्या सकाळी ढिगावर हात धरला तर ऊब जाणवत होती आणि वरच्या पानांवर दव नव्हे, वाफेचे थेंब होते. गावी आजीच्या उकिरड्यातून माघातल्या पहाटे निघणारी वाफ मी लहानपणी पाहिली होती, तिचे कारण, म्हणजे कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची उष्णता, मला चाळीस वर्षांनी इथे समजले. १२ तारखेला ढीग खालीवर केला, १५ तारखेला पुन्हा ५५ अंश मिळाले आणि महिनाअखेरीस तो थंडावला.

ज्यांना ढिगासाठी जागा नाही, त्यांच्यासाठी स्केअर्स ही संस्था २०१४ पासून इलिनॉयमध्ये हॅलोविननंतर भोपळे फोडण्याचा कार्यक्रम चालवते. मुले गावोगावच्या केंद्रांवर भोपळे आपटून फोडतात आणि तो सारा माल कंपोस्ट केंद्रात जातो. भोपळे रानात नेऊन टाकणे मात्र टाळावे. त्याने वन्य प्राण्यांचे भले होते, हा समज चुकीचा आहे.

मे २०२५

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ढीग आणखी दोनदा उलथला. १८ मे रोजी चाळून नऊ घमेली काळे, भुसभुशीत खत मिळाले. त्यात देठांचे काही तुकडे तसेच राहिले होते, ते पुढच्या ढिगासाठी बाजूला ठेवले. ढिगाच्या कडेला, जिथे पुरेशी उष्णता पोहोचली नव्हती, तिथे भोपळ्याची चार रोपे उगवलेली दिसली. शोभेच्या वाणांशी संकर झालेल्या बियांची फळे अतिशय कडू आणि खाण्यास अपायकारक निघू शकतात, म्हणून मुलीची इच्छा नसतानाही ती उपटली. या वर्षी चार आळी केली आहेत आणि चारही डिकिन्सनची आहेत. प्रत्येकात एकेक घमेले खत घालून काल संध्याकाळी बी टोकले.