रस्ता हलवायच्या आधी... फिजिबिलिटी स्टडी प्लॅन करतानाचा माझा अनुभव

माझ्याकडे काम आलं ते असं, शहरातला एक जुना वर्दळीचा रस्ता आहे तिथून उचलून थोडा आतल्या बाजूला नेता येईल का याचा फिजिबिलिटी स्टडी प्लॅन करायचा. स्टडी करायचा नाही, प्लॅन करायचा. म्हणजे टीओआर (कन्सल्टंटने नेमकं काय काम करायचं ते सांगणारा कागद) लिहायचा, कोणते सर्व्हे लागतील, कुठला आधी कुठला नंतर, कन्सल्टंटकडून नेमकं काय मागायचं. बऱ्याच जणांना हे कारकुनी काम वाटतं, पण उत्तर काय येणार ते निम्मं इथेच ठरून जातं.

पहिली वादावादी विषयावरूनच. पत्रात लिहिलेलं 'नवीन अलाइनमेंटसाठी (रस्ता कुठून न्यायचा त्या रेघेसाठी) अभ्यास', म्हणजे हलवायचं हे ठरलेलंच आणि आम्ही फक्त कुठून ते सांगायचं! मी हट्टच धरला की 'काहीच करायचं नाही' आणि 'आहे तोच रस्ता सुधारायचा' हे दोन पर्याय यादीत हवेतच, नाहीतर तुलना कशाशी करणार. वर आणखी एक टाकला, रस्ता काढूनच टाकायचा. त्यावर मीटिंगमधे हशा. मग सॅन फ्रान्सिस्कोचं सांगितलं, १९८९ च्या भूकंपात तिथला एम्बार्काडेरोचा डबल डेकर फ्रीवे खिळखिळा झाला, १९९१ मधे पाडायला घेतला आणि त्या जागी साधा जमिनीवरचा रस्ता केला. दक्षिण कोरियातल्या सोलमधे तर २००३ ला चोंगग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला आणि २००५ पर्यंत खालचा ओढा उघडा केला. दोन्ही शहरं चालू आहेत. आणि उलटंही होतं बरं का, ब्राएस नावाच्या गणितज्ञाने १९६८ मधेच दाखवलंय की जाळ्यात एक रस्ता वाढवला तर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, कारण जो तो आपापला शॉर्टकट धरतो. हशा थांबला, पर्याय यादीत राहिला.

ट्रॅफिकचं पटकन सांगते. काउंट आठवड्याच्या मधल्या दिवशी, सुट्ट्या टाळून, आणि शेजारचा रस्ता खोदलेला नसताना. नुसत्या गाड्या मोजून भागत नाही, नंबर प्लेट सर्व्हे लागतो, म्हणजे किती गाड्या नुसत्या आरपार जातात आणि किती इथल्याच ते कळतं. पायी रस्ता ओलांडणारेही मोजायचे, त्यांना सगळे विसरतात. आणि स्टडी एरिया रस्त्याच्या दोन टोकांना संपवायचा नाही, कारण रस्ता सरकला की त्रास लांबच्या जंक्शनला जाऊन उठतो.

खरा जीव मात्र जमिनीखाली. नकाशावर लाल रेघ सरकवायला एक मिनिट लागतं, खालचं काय? पाण्याची लाइन प्रेशरवर चालते त्यामुळे तिला वर खाली, वाकडं तिकडं नेता येतं, पण ड्रेनेज उतारावर वाहतं, ते सरकवलं की उताराचं गणित पार पुढच्या कितीतरी चेंबरपर्यंत बदलतं, नाही जुळलं तर पंपिंग स्टेशन, म्हणजे कायमचं वीजबिल आणि मेंटेनन्स. त्यात हायटेन्शन केबल, गॅस, फायबर, प्रत्येकाचा मालक वेगळा आणि प्रत्येकाचे नकाशे म्हणजे वेगळीच गोष्ट. जीपीआरने (जमिनीत रडार लहरी सोडून खालचं शोधणारं यंत्र) सगळं दिसतं असं सांगणारे भेटतात, पण ओल्या चिकणमातीत त्याचा सिग्नल खाली जातच नाही फारसा, तिथे ट्रायल पिट, म्हणजे तपासणीचा खड्डा, खणून डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून मी युटिलिटी सर्व्हे, म्हणजे या सगळ्या लाइन आणि केबलचा शोध, शेवटच्या पानावरून उचलून पहिल्या टप्प्यात आणला. माझ्या मते अख्ख्या टीओआरमधला सगळ्यात कामाचा बदल हाच.

टप्पे दोनच ठेवले. पहिल्यात जुने नकाशे, युटिलिटी रेकॉर्ड, मोजके पिट आणि बेसिक काउंट. दुसऱ्यात बोअरहोल (माती तपासायला घेतलेली खोल भोकं), पूर्ण टोपो सर्व्हे (जमिनीच्या चढउतारांची मोजणी), ट्रॅफिक मॉडेल, भूसंपादनाचा हिशोब. मधे एक थांबा, आणि तिथे कशावरून थांबायचं ते निकष आधीच लिहून सही घेतली, कारण आकडे आल्यावर निकष ठरवायला बसलं की प्रत्येकजण आपल्याला हवा तोच निकष काढतो.

खर्चाचा एकच आकडा द्यायचा नाही, रेंज द्यायची, हेही घातलं. फायनान्सवाले कुरकुरले. बॉस्टनचा बिग डिग, म्हणजे शहरातला उन्नत हायवे जमिनीखाली नेण्याचा प्रकल्प, दाखवला, १९८२ च्या दरांनी २.८ अब्ज डॉलरचा अंदाज होता, बिल गेलं १४.६ अब्जांवर, महागाई वजा केली तरी जवळपास तिप्पट. रेंज मंजूर झाली.

आत्ता पहिला टप्पा संपत आलाय. दोन अलाइनमेंट ड्रेनेजच्या उतारावरच बाद झाल्या, बोअरहोलला हातही लावावा लागला नाही. राहिलेल्या पर्यायांत 'आहे तोच सुधारायचा' अजून तग धरून आहे, आणि दुसऱ्या टप्प्याच्या फाइलवर सही व्हायचीय.