मावळ्यांची कोरडी आंघोळ

नवरात्र संपलं की माळ्यावरचा बुटांचा खोका खाली येतो आणि जुन्या वर्तमानपत्रांतून किल्ल्यावरची चित्रं बाहेर पडतात. पावसाळ्याच्या दमटपणात त्यांच्यावरची धूळ नुसती बसलेली नसते, घट्ट धरलेली असते. ती काढायचं काम माझं. दुसऱ्या कोणी केलेलं मला चालत नाही.

चित्रं कच्च्या मातीची, रंग पाण्यातला. ओलं फडकं लागलं की मावळ्याची मिशी गालावर उतरलीच. कोरडं फडकंही नको. त्याचा धागा भाल्याला अडकतो आणि भाला जातो. आधी नेहमी भालाच जातो. तलवारी, तुतारी, तुरे त्यामागून. म्हणून रुंद, मऊ केसांचा, रंगात कधीही न बुडवलेला ब्रश. चित्र बुडाशी धरायचं आणि वरून खाली अलगद झाडत यायचं. फुंकर मारायची नाही, तिच्यात ओलावा असतो. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता मुद्दाम गाल फुगवून माझ्यासमोर येतात.

संग्रहालयांत ब्रशनं सुटलेली धूळ व्हॅक्यूमच्या नळीकडे ढकलतात. नळीच्या तोंडाला जाळीदार कापड बांधलेलं असतं, म्हणजे रंगाचा टवका उडालाच तर जाळीवर सापडतो. मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधतो. हिनं ते पाहिलं आणि काही न बोलता स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

एरवी कोण बघतं या लोकांकडे इतक्या जवळून? कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेली ही मंडळी. मिशा एका फटकाऱ्यात ओढलेल्या, शेले घाईत रंगवलेले. लाल रंग शेल्याची हद्द ओलांडून कोपरापर्यंत आलाय. दिवाळी तोंडावर आलेली असणार. डोळे मात्र प्रत्येकाचे वेगळीकडे. पहाऱ्यावरचा एक जण वर्षानुवर्षं सरळ गवळणीकडे बघतोय. गवळण तोफेपेक्षा उंच, आणि वाघ कुठल्याच गुहेत मावलेला नाही.

वाड्याच्या अंगणात विटा रचून, वर गोणपाट टाकून लाल मातीनं किल्ला लिंपायचो. महाराजांना सिंहासनावर बसवायचा मान दादाचा, त्यावरून दरवर्षी रडारड. मग अळीव पेरायचे आणि ते उगवावेत म्हणून दिवसातून दहादा पाणी शिंपडायचं. त्या शिंतोड्यांत उभ्या राहिलेल्या मावळ्यांच्या पायांना ती लाल माती अजून चिकटलेली आहे. तिथे मी ब्रश नेत नाही. मळ कुठला आणि वस्तूचा भाग कुठला, हे जाणकारही साफसफाईच्या आधी ठरवतात म्हणे. वाडा पाडून तिथे पार्किंगवाली बिल्डिंग झाली. माझं ठरलेलं आहे.

वाड्यात आमची स्वच्छता आईच्या पदरानं व्हायची. पदराचं टोक जिभेला लावायचं आणि गाल खसाखसा पुसायचा. शी! पण पोर्तुगालच्या तिघा संशोधकांनी 1990 साली लाळेच्या सफाईगुणांवर रीतसर निबंध लिहिला. जुन्या मौल्यवान वस्तूंवरचा मळ लाळेनं छान निघतो आणि ती करामत मुख्यतः तिच्यातल्या अमायलेज या विकराची, असं त्यांना आढळलं. 2018 मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं बक्षीस.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. वर बजावलंही, की मावळ्यांवर हा प्रयोग नको, रंग जाईल.

"तुझा कुठे गेला?" ती म्हणाली.