'घ' काढला तरी घोडा काही येईना

मोहालीत ऑडिओ एडिटिंग करायचो तेव्हाचा एक दिवस अजून डोक्यातून जात नाही. लहान मुलांसाठी पंजाबी गोष्टी रेकॉर्ड करायच्या होत्या, ठरलेली आर्टिस्ट आजारी पडली म्हणून आयत्या वेळी कानपूरची एक हिंदी बोलणारी मुलगी बसवली. आवाज सुंदर, गुरुमुखी (पंजाबीची लिपी) सफाईने वाचायची. पहिलंच वाक्य, घोडा घरी आला. तिने स्वच्छ 'घोड़ा घर आया' म्हटलं आणि उच्चार तपासायला बसलेल्या बीजी (रिटायर्ड शिक्षिका, सत्तरीच्या) म्हणाल्या, "पुत्त, एह तां हिंदी हो गई."

पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीला घ, झ, ढ, ध, भ लिहितात खरे पण बोलताना त्यांचे क, च, ट, त, प होतात, आणि तो गेलेला 'ह' सुरात उतरतो, म्हणजे आवाज खालच्या पट्टीत जातो. पोरीला यातला 'क' तेवढा ऐकून माहीत होता. तिने लगेच 'कोड़ा कर आया' केलं, मी टेक ओके करणार तेवढ्यात बीजींनी हात वर केला. सपाट सुरातला कोड़ा म्हणजे चाबूक, खालच्या सुरातला घोडा, वरच्या सुरातला कोढी, म्हणजे कुष्ठरोगी. आणि सपाट 'कर' म्हणजे करणं, घर नाहीच. खरं सांगतो, माझ्या मराठी कानाला तिन्ही एकच वाटत होते.

मग बीजी आमच्याकडे पाठ करून बसल्या. मी तिन्ही शब्द उलटसुलट करून बारा ओळींत लिहिले, ती वाचत गेली, बीजी वहीत टिपत गेल्या. अकरा वेळा चाबूक! बाराव्याला घोडा लिहिला, पण कागदावर तिथे कोढी होता. रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा कळलं, यादी संपली म्हणून तिचा आवाज आपोआप खाली आला होता. हिंदीत काय किंवा आपल्या मराठीत काय, सूर वाक्याचा असतो, प्रश्न आला की वर, संपलं की खाली. पंजाबीत तो शब्दाचाही असतो, अर्थच त्यावर ठरतो. पंजाबी म्हणजे जरा ठसक्यातली हिंदी असं लोक बिनधास्त म्हणतात ना, मला त्या दिवसापासून ते ऐकवत नाही.

बीजींनी मग अक्षरं सोडूनच दिली. ओठ मिटून नुसतं गुणगुणायला लावलं, तिन्ही शब्द, अर्धा तास. मी स्क्रीनवर पिचची, म्हणजे सुराच्या चढउताराची, रेघ लावून ठेवली, घोड्याला ती खाली दबून मग वर यायची, ते बघून तिला पकड आली. पण मग ती सगळंच दाबायला लागली, 'कम्म कर' चं 'कम्म घर' झालं. 'चाह' (चहा) मधला शेवटचा 'ह' तर सुटता सुटेना, तिथे 'ह' म्हणायचाच नसतो, सूर वर न्यायचा असतो.

सगळ्यात जास्त अडलो ते एका शब्दाच्या प्रश्नावर, "घर?" प्रश्न म्हटलं की तिचा आवाज पहिल्यापासूनच वर जायचा आणि शब्दाचा खालचा सूर पुसला जायचा. एकोणीस टेक झाले, लाईट गेली, परत आली. विसाव्याला बीजी मागे न वळताच म्हणाल्या, "हां, हुण घर आया."