गटाराच्या जागी गवताचा चर : आमची वाटचाल

२००९ साली पुण्यात आमची फर्म सुरू झाली, तेव्हा कामाचे स्वरूप सरळ होते. सोसायटीच्या आवारात लाल माती पसरून लॉन अंथरायचे, कडेने शोभेची झाडे लावायची आणि पावसाचे पाणी शक्य तितक्या लवकर चेंबरमध्ये उतरेल असा उतार काढून द्यायचा. त्याच सोसायट्या एप्रिलमध्ये टँकर मागवत आणि आम्ही लावलेले लॉन त्या टँकरच्या पाण्यावर जगवत. हे डोळ्यांसमोर घडत असूनही त्यावर आपल्या हातात काही उपाय आहे, असे तेव्हा वाटले नव्हते.

तो विचार आमच्या मुकादमांमुळे सुरू झाला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ते पुरंदर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात पंधरा-सोळा वर्षांचे असताना बंडिंगच्या, म्हणजे शेतात मातीचे बांध घालण्याच्या, कामावर माती वाहायला होते. एका सोसायटीत पार्किंगच्या कडेचे पावसाळी गटार दरवर्षी गाळाने भरायचे आणि ते उपसण्याचे बिल आम्ही दरवर्षी लावायचो. एकदा गाळाची पाटी उचलताना मामा म्हणाले, "पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, म्हणजे ते आपोआप मुरतं. गटार कशाला उपसताय? चर काढा आणि गवत लावा." पाणलोटाच्या कामांवर हे बोलणे गावोगावी ऐकू येते, शहरातल्या पार्किंगला ते लागू पडेल, हे मात्र आम्हाला सुचले नव्हते.

त्या पार्किंगचा हिशोब मांडला. क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत २०,००० लिटर, अर्थात मोठे दोन टँकर, आणि काँक्रीटवर पडलेल्या या पाण्यातले जवळजवळ सगळे वाहून जाते. जाताना ते इंजिनाचे सांडलेले तेल, टायरची झीज आणि धूळ सोबत नेते आणि ओढ्यावाटे नदीला पोहोचवते. गवती चर हे पाणी उथळ आणि रुंद पसरवून सावकाश चालवतो; वेग मंदावला की गाळ गवताच्या बुडाशी बसतो, त्याला चिकटलेली घाणही तिथेच राहते, काही पाणी मुरते आणि उरलेले गढूळपणा कमी होऊन पुढे जाते.

आमचा पहिला चर फसला, आणि त्यात चूक पूर्णपणे आमची होती. मुरूम समजून खोदायला घेतलेल्या जागेत फूटभर खाली काळी माती निघाली. उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाणी भराभर उतरताना पाहून आम्ही निश्चिंत झालो. परंतु काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग ती पाणी जवळपास घेतच नाही. जुलैमध्ये चरात आठवडाभर पाणी साचून राहिले. डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण तेवढाच वेळ पुरतो, त्यामुळे तळमजल्यावरच्या एका आजींनी आम्हाला बोलावून घेऊन जे सुनावले ते रास्तच होते. दिवाळीनंतर आम्ही स्वखर्चाने तो चर ६० सेंटिमीटर खोल उकरला, तळाशी कापड गुंडाळलेला छिद्रांचा पाइप खडीत बसवला, वर वाळू, माती आणि कंपोस्ट यांचे मिश्रण भरले. तेव्हापासून खड्डा घेऊन, पाणी ओतून, ते किती वेळात उतरते हे घड्याळ लावून पाहिल्याखेरीज आम्ही कोटेशन देत नाही.

या कामात सारा कस पातळीचा लागतो. तळ सपाट हवा, इंग्रजी व्हीच्या आकाराचा नको. कारण पाणी एका रेषेत एकवटले की ते माती कापू लागते. बाजू एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर रुंदी, अशा पसरट ठेवतो, लांबीचा उतार शंभर मीटरला एक ते दोन मीटर. त्यात मध्ये दगडी आडबांध घालायचे असतात. उतार एक टक्का आणि बांधाची उंची १५ सेंटिमीटर असेल, तर दर १५ मीटरवर एक बांध येतो, म्हणजे वरच्या बांधाचा पाया खालच्या बांधाच्या माथ्याशी एका पातळीत राहतो. मामांना हा नियम शिकवावा लागला नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन खुंट्यांना धरून ते आमच्या इंजिनिअरच्या आधी जागा दाखवतात. दुसरी गोष्ट कर्बस्टोनची, म्हणजे फरसबंदीच्या कडेला बसवलेल्या उभ्या दगडांची. अखंड कर्ब बांधला की पाणी चराला लागून वाहते, पण आत शिरत नाही. म्हणून आम्ही ठरावीक अंतरावर तो कापतो आणि तोंडाशी दगडगोटे बसवतो.

गवताची निवड आम्हाला अनुभवाने जमली. पेरलेले बी जूनच्या पहिल्याच वळवात वाहून गेल्यावर आम्ही लागवड फेब्रुवारीत आणली. तळाला हरळी, बाजूंना मारवेल, बांधांच्या वरच्या अंगाला वाळ्याची रांग आणि उतारावर मुळे धरेपर्यंत काथ्याची जाळी, अशी आमची पद्धत आता ठरली आहे. हरळी पाण्यात आडवी झाली तरी ओसरल्यावर उभी राहते, आणि वाळ्याची मुळे सरळ खोल जातात. तुळतुळीत कापलेले लॉन इथे उपयोगाचे नाही. गवत दहा-पंधरा सेंटिमीटर उंच असेल तरच पाणी अडखळते. माळीदादांना हे पटवायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने पुण्यात माणसे गेली. त्यानंतर आमच्याकडे फोन वाढले, आणि प्रत्येकाला आम्ही हेच सांगितले की तसा पाऊस गवती चर थोपवू शकत नाही. तो नेहमीच्या सरींसाठी आहे. मोठ्या पावसासाठी त्याला सांडवा ठेवावाच लागतो, आणि ओढ्याची जागा ओढ्यालाच लागते. असे सांगितल्याने काही कामे हुकली, याचे आम्हाला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते एका सोसायटीचे, जिथे नव्या कमिटीने उत्तम चाललेला ४० मीटरचा चर बुजवून गाड्या लावण्यासाठी पेव्हर ब्लॉक बसवले. त्या जागी वाळ्याची पाच वर्षांची बेटे होती.

त्यानंतर आम्ही चर नुसता बांधून देणे बंद केले. तीन वर्षांची देखभाल करारातच असते. दर मे अखेरीस आम्ही चरात सोसायटीच्या एसटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे) प्रक्रिया केलेले पाणी सोडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन पाहतो. तळ कोरडा असेल तर फक्त गुटख्याच्या पुड्या आणि गुलमोहराच्या शेंगा वेचायच्या. पाणी दिसले, तर वरचा पाच सेंटिमीटर गाळ खरवडून तिथे हरळीचे नवे ठोंब पाऊस येण्याआधी लावायचे.