आमची वाटचाल : पडवीतल्या रातांब्यांपासून

पतीच्या निधनानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, २०१५ साली, मी दापोली तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायला बसले, तेव्हा उद्योग काढण्याचा विचार मनात नव्हता. मुलीच्या शाळेचा खर्च समोर होता आणि परसातल्या दोन झाडांचे रातांबे दरवर्षी गळून वाया जात होते, एवढेच निमित्त. आमसुले करायला सासूबाईंनी शिकवले. फळाचे दोन भाग करायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, त्या रसात मीठ घालून साली बुडवायच्या, दिवसभर उन्हात वाळवून पुन्हा रसात टाकायच्या. अशी पाच-सहा पुटे बसली की सालीला तो काळसर जांभळा रंग येतो. पावसाच्या आत हे सगळे उरकावे लागते, त्यामुळे एकटीच्या हाताने जास्त माल होत नाही.

दुसऱ्या हंगामात वाडीतल्या दोघी सोबत आल्या. एकीला नवऱ्याने सोडले होते, दुसरीचा नवरा बोटीवर असताना गेला होता. दोघींच्या पदरात लहान मुले होती, म्हणून कामाची वेळ आम्ही शाळेच्या वेळेवर बेतली आणि पडवीचा एक कोपरा मुलांसाठी राखून ठेवला. मजुरी दर शनिवारी, प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात, हा नियम पहिल्यापासून आहे. भावाच्या किंवा सासऱ्याच्या हाती पैसे द्या असे निरोप येत असत. मी ते कधी मानले नाहीत आणि त्यावरून काही घरांशी बोलणे तुटले, याचे वाईट वाटले तरी पश्चात्ताप नाही.

भांडवलासाठी एका बँकेत गेले असता ‘पतीची सही लागेल’ असे मला सांगण्यात आले. मृत्यूचा दाखला दाखवल्यावर सासरे किंवा दीर यांची सही मागितली. अखेर पहिले कर्ज आमच्या बचतगटाने दिले आणि अन्नसुरक्षेची नोंदणीही त्यातूनच झाली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. शेडचे पत्रे उडाले, वाळत आलेली आमसुले भिजून गेली आणि पिंपांत झाकून ठेवलेले आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, तेवढे वाचले. दुसऱ्या दिवशी ज्यांची स्वतःची कौले उडाली होती अशी माणसे आमच्याकडे ताडपत्री घेऊन आली. आमच्याकडे शेजार या शब्दाचा अर्थ काय, तो मला त्या दिवशी कळला. वीज यायला बरेच दिवस लागले. त्या काळात पत्रे पुन्हा चढवायला रोज येणारे गृहस्थ म्हणजे आम्हाला रातांबे पुरवणारे शेजारच्या वाडीतले बागायतदार. त्यांची पत्नी आजारपणात गेली होती आणि मुलाला ते एकट्यानेच वाढवत होते. ते मला ‘ताई’ म्हणत नसत, ‘मॅडम’ म्हणत. हे आमच्या बायकांनी माझ्या आधी हेरले होते.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर गावांनीही तसेच करावे असे आवाहन सरकारने केले. ती बातमी आमच्याकडे ऐन हंगामात, रातांबे फोडता फोडता मोठ्याने वाचली गेली. बोटीवरच्या अपघातात नवरा गमावलेली आमची सहकारी तेव्हा काहीच बोलली नाही; पुढच्या शनिवारी मात्र मजुरीतून तिने हिरव्या बांगड्या भरल्या आणि रसाने लाल झालेल्या हातांनी त्याच आठवड्याचा माल बांधला.

त्याच वर्षी त्या बागायतदारांनी मला लग्नाबद्दल विचारले. विधवेशी विवाह केल्याबद्दल महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १८९३ मध्ये ज्या मुरूड गावाने बहिष्कृत केले, ते याच तालुक्यातले. त्यामुळे लोक काय म्हणतील, हा प्रश्न आमच्या भागात जुनाच आहे. पोटाची चिंता असताना हाच प्रश्न आला असता, तर मी आधार म्हणून होकार दिला असता. आता आठ बायकांचा पगार माझ्या सहीने निघत होता, म्हणून ते मला आवडतात का, एवढाच विचार करण्याची मोकळीक मला मिळाली. ते आवडत होते. मुलीने तीन दिवस मागितले आणि मग स्वतःच त्यांच्या मुलाला गणिताची वही दाखवायला घेऊन आली.

सासूबाई मात्र गप्प होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तू गेलीस की मी कुणाकडे राहायचं गो?” त्यांचा विरोध लग्नाला नव्हताच. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि मुलाला घेऊन ते आमच्याच घरी राहायला आले. आमसुलांना शेवटचे पूट कधी द्यायचे, हे आजही सासूबाईच ठरवतात. नवऱ्याच्या बागेतल्या रातांब्यांचे पैसे मी पूर्वीप्रमाणेच पावती करून देते, आणि वजन करताना ते मला अजूनही ‘मॅडम’च म्हणतात.