तारीख पाहू की वास?

"तारीख खातं का रवा खातं रे?" म्हणत आजीनं माझ्या हातातला पुडा हिसकला.

'बेस्ट बिफोर' उलटून नऊ दिवस झाले होते. मी उकिरड्याकडे निघालो होतो. तिनं चिमूटभर रवा तळहातावर घेतला, हुंगला, जिभेवर ठेवला. "अळी नाही, जाळं नाही, खवट नाही. काहून फेकतं बाप्पा?"

दुपारी उपमा झाला. मी दोनदा घेतला.

नंतर पाहिलं, त्याच पुड्यावरची एक्सपायरी अजून महिनाभर लांब होती! 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोवर चव-दर्जा उत्तम. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटली की खायचंच नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांत एक्सपायरी सक्तीची, बेस्ट बिफोर ऐच्छिक. शिकलेला मी दोन्ही एकच समजत होतो.

संध्याकाळी मात्र बुरशी लागलेले शेंगदाणे "भाजले का चालते" म्हणाली, तेव्हा मी सूप ओढून घेतलं. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं; ते भाजूनही पुरतं जात नाही, आणि ते नाकाला कळत नाही.

आजी दोन तास बोलली नाही. रात्री ताकाचा गंज पुढं सरकवला.

"घे. याच्यावर तारीख नाही. पेतं का?"